मास्टवरच्या अँटेना एकमेकींच्या कानात ओरडतात त्याचं गणित : प्रकल्प नोंदी

२६ मे

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे मधेच कोणी जॉइन झालं तर पहिल्यापासून सांगत बसायला नको. २४ मीटरची स्टीलची सर्व्हे बोट, कोकण किनाऱ्यावर चालते, पावसाळ्यासाठी स्लिपवर (यार्डातल्या उतारावर) चढलीये. मास्ट बुडाशी गंजलाय म्हणून नवीन बसणार आहे आणि मालक म्हणाले मास्ट बदलताच आहात तर अँटेनांचं पण एकदाच काय ते नीट करून टाका.

तक्रारी दोन. पहिली कॅप्टनची, त्यांच्याच शब्दात (सोळा म्हणजे व्हीएचएफ या बोलायच्या रेडिओचं चॅनल १६, एआयएस म्हणजे आसपासच्या बोटींनी रेडिओवरून सांगितलेली जागा पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) : "अहो, मी सोळावर बोलायला लागलो ना की एआयएसची टार्गेटं एकेक करून जातात बघा. माइक सोडला की येतात परत. संध्याकाळी मच्छीमारांच्या गर्दीत शिरताना नेमकं हेच होतं, आणि तेव्हाच तर बोलायला लागतं." दुसरी अशी की व्हीलहाऊसच्या छतावरचा इरिडियमचा सॅटफोन कॉलवर असला की जीपीएस मधेमधे फिक्स (काढलेली जागा) सोडतो.

आत्ताची मांडणी : मास्टच्या आडव्या दांड्यावर डाव्या टोकाला व्हीएचएफचा व्हिप (काठीसारखी अँटेना), उजव्या टोकाला एआयएसचा, मधे अंतर १.६ मीटर. दोन्ही एकाच पातळीत. छतावर मागे जीपीएस, पुढे इरिडियम, त्यांच्यात ४ मीटर.

२९ मे

मॉडेलच्या आधी हाताने. व्हीएचएफ चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, वेव्हलेंग्थ १.९१ मीटर. एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ वर. म्हणजे दोघांत जेमतेम ५ मेगाहर्ट्झचं अंतर, ३ टक्के. व्हीएचएफ सेटची पॉवर २५ वॅट म्हणजे ४४ डीबीएम (१ मिलिवॅट म्हणजे शून्य, दर १० ला दहापट), आणि एआयएस रिसीव्हरला ऐकायचं असतं उणे १०७ डीबीएमपर्यंतचं.

दोन उभे हाफवेव्ह डायपोल (अर्ध्या वेव्हलेंग्थच्या सरळ अँटेना) शेजारी शेजारी ठेवले तर आयसोलेशन (एकीतून दुसरीत जाताना सिग्नल किती डीबी पडतो ते) साधारण २२ अधिक २० लॉग (अंतर भागिले वेव्हलेंग्थ) वजा दोघांचा गेन (ठराविक दिशेला जास्त पॉवर देण्याचा फायदा). १.६ मीटरला हे १६ डीबी येतं. ४४ मधून १६ गेले, २८ डीबीएम उरले, म्हणजे कॅप्टन माइक दाबतात तेव्हा एआयएसच्या अँटेनातून जवळजवळ ०.६ वॅट थेट रिसीव्हरच्या तोंडावर येतो. ज्याला मिलिवॅटच्या अब्जांशापेक्षाही बारीक आवाज ऐकायचाय त्याच्या कानाशी हे. टार्गेटं जाणारच.

एआयएसचा एक स्लॉट २६.६७ मिलिसेकंदांचा, एका चॅनलवर मिनिटाला २२५० स्लॉट. दहा सेकंद बोललं की प्रत्येक चॅनलचे ३७५ स्लॉट बहिरे. मोठं जहाज १४ नॉटच्या आत चालत असेल तर दर १० सेकंदांनी आपली जागा सांगतं, आणि छोट्या बोटींचे क्लास बी सेट त्याहून कमी वेळा, त्यामुळे त्यांचा एक मेसेज हुकला की पुढच्याची वाट बघत बसायचं. ज्या बोटी सगळ्यात जवळ आणि सगळ्यात कमी दिसणाऱ्या त्याच पडद्यावरून जातात, म्हणून मला ही तक्रार किरकोळ वाटत नाही.

फिल्टर लावा की असं मालकांकडून आलंच. ५ मेगाहर्ट्झ लांबचा जोरदार कॅरियर (मुख्य सिग्नल) फिल्टरने थोडाफार कापता येतो, पण ट्रान्समीटर स्वतःचा रुंद नॉइज पण सोडत असतो आणि तो एआयएसच्याच फ्रीक्वेन्सीवर पडतो, त्याला एआयएसच्या बाजूचा कुठलाच फिल्टर अडवू शकत नाही. तिथे अँटेनांमधलं आयसोलेशनच लागतं.

४ जून

आयएमओचं (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं) २००३ चं सर्क्युलर आहे, एसएन/सर्क २२७, जहाजावर एआयएस कसं बसवायचं त्याचं. त्यात म्हटलंय की एआयएसची अँटेना व्हीएचएफच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली, आडवं अंतर शून्य, उभं अंतर किमान २ मीटर. एकाच पातळीत ठेवायची असेल तर किमान १० मीटर. आणि रडारसारख्या पॉवरवाल्या गोष्टींपासून किमान ३ मीटर, बीमच्या बाहेर.

२ आणि १० हे आकडे कुठून आले असतील ते बघायला हातानेच करून पाहिलं. आडवे १० मीटर : साधारण ३२ डीबी. उभ्या मांडणीचा ढोबळ फॉर्म्युला २८ अधिक ४० लॉग (अंतर भागिले वेव्हलेंग्थ), अंतर मध्यापासून मध्यापर्यंत. मधे २ मीटर मोकळे आणि दोन्ही अँटेना मीटरभर लांब, म्हणजे मध्य ते मध्य ३ मीटर, उत्तर ३६ च्या आसपास. म्हणजे २ मीटर उभे हे १० मीटर आडव्यापेक्षा सरस. २४ मीटरच्या बोटीवर १० मीटर आडवे मिळतच नाहीत, त्यामुळे उभ्याला पर्याय नाही.

उभ्यात २० लॉगच्या जागी ४० लॉग का, हे आमच्या ज्युनियरने विचारलं आणि प्रश्न अगदी योग्य जागी आहे. डायपोल आपल्या टोकाच्या दिशेला रेडिएट करतच नाही, अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होणारं जे फील्ड लांबवर जातं ते अक्षावर शून्य असतं. तिथे उरतं ते जवळचं फील्ड, अंतराच्या वर्गाने आणि घनाने पडणारं. वर्गाने पडणारं व्होल्टेज म्हणजे पॉवरमध्ये ४० लॉग. म्हणून उभ्यात प्रत्येक जास्तीच्या फुटाला जास्त किंमत आहे.

पण हे सगळं मोकळ्या हवेतलं. आपल्या दोन अँटेनांच्या शेजारून ११४ मिलीमीटरचा स्टीलचा पाइप जाणार आहे आणि खाली छत आणि भिंती मिळून ७७ चौरस मीटर पत्र्याचं लोखंडी व्हीलहाऊस आहे. सर्क्युलरमधल्या २ मीटरला त्या पाइपचं काहीच माहीत नाही.

११ जून

मॉडेल सुरू. एनईसी-२ घेतलंय, लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमध्ये १९८१ साली झालेला, अँटेनांचं गणित करणारा फोरट्रान कोड, इनपुट अजून कार्डांच्याच भाषेत, जीडब्ल्यू कार्ड म्हणजे एक वायर, एलडी म्हणजे लोड, ईएक्स म्हणजे सोर्स. जुना आहे पण वायर आणि वायरची जाळी यात अजून भरवशाचा आहे आणि त्याच्या मर्यादा मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिल्यात, म्हणून मला आवडतो.

पद्धत मोमेंट्सची. धातूचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावरचा करंट हा अज्ञात, आणि प्रत्येक तुकड्याचा प्रत्येक दुसऱ्यावर परिणाम काढून मोठी मॅट्रिक्स सोडवायची. तुकडा वेव्हलेंग्थच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे १८ सेंटीमीटर. व्हीलहाऊस ६ बाय ४.५ बाय २.४, त्याची जाळी केली की सुमारे ४८०० सेगमेंट. मॅट्रिक्स ४८०० चा वर्ग गुणिले १६ बाइट, ३७० एमबी, लॅपटॉपवर आरामात. पूर्ण बोट डेक आणि बाजूंसकट घेतली तर २२८०० च्या आसपास सेगमेंट, सव्वाआठ जीबी, आणि सोडवायचा वेळ घनाने वाढतो म्हणजे शंभरपट. आधी फक्त व्हीलहाऊस आणि मास्ट, मग एकदाच रात्रभर पूर्ण बोट लावून फरक किती पडतो ते बघायचं.

दोन गोष्टी पुढच्याला उपयोगी पडतील म्हणून. पत्र्याच्या जागी वायरची जाळी घेताना वायरचा घेर जाळीच्या अंतराइतका ठेवायचा, म्हणजे १८ सेंटीमीटरच्या जाळीला वायरची त्रिज्या २.९ सेंटीमीटर. आता सेगमेंट भागिले त्रिज्या हे गुणोत्तर ६.३ येतं आणि एनईसीच्या साध्या कर्नेलला (बारीक वायर धरून केलेल्या हिशोबाला) ते ८ च्या वर हवं असतं. ईके कार्ड (जाड वायरसाठीचा हिशोब) टाकलं की २ पर्यंत चालतं, पण जिथे दोनपेक्षा जास्त वायर भेटतात तिथे कोड परत साध्या कर्नेलवर जातो, आणि जाळीत तर सगळीकडे चार भेटतात. म्हणून जाळी १२ सेंटीमीटरची करून परत चालवली, मेमरी पाचपट लागली, आयसोलेशनच्या आकड्यात एक डीबीच्या आतच फरक. ठीक.

दुसरं, अँटेना घालायच्या आधी दोन नुसते हाफवेव्ह डायपोल अर्ध्या वेव्हलेंग्थवर ठेवून म्युच्युअल इम्पीडन्स (एकीच्या करंटमुळे दुसरीत किती व्होल्टेज येतं ते) काढला. पुस्तकी उत्तर उणे १२.५ उणे जे २९.९ ओहम. त्याच्या जवळ आलं. हे केल्याशिवाय पुढे जायचं नाही हा माझा नियम.

१९ जून

पाऊस थांबला तेवढ्यात यार्डात जाऊन जुन्या मास्टवर मोजमाप उरकलं, कारण मास्ट एकदा कापला की तुलना करायला काही उरणार नाही. नॅनोव्हीएनए (एका टोकातून सोडलेला सिग्नल दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते मोजणारं छोटं यंत्र) घेतलं, दोन्ही केबल मास्टवरून सोडवून पीएल-२५८ बॅरलने एकमेकींना जोडल्या आणि तिथेच थ्रू कॅलिब्रेशन केलं, म्हणजे आरजी-२१३ केबलचा लॉस आपोआप वजा. मग केबल परत अँटेनांना लावून एस टू-वन (एकीतून दुसरीत किती पोचतं तो आकडा). ग्राफ सरळ होता पण मधेमधे टोकदार काटे उडत होते, बंदरातलं कोणीतरी सोळावर बोलत होतं ते. स्वीप दहा-बारा वेळा घेऊन सगळ्यात शांत रेघ धरली.

हाताने १६ डीबी, एनईसी छत मास्ट आणि रेलिंगसकट साडेतेरा, मोजलेलं १४ च्या आसपास. मॉडेलवर विश्वास ठेवायला हरकत नाही. आणि हेही दिसलं की धातू धरल्यावर आकडा हाताच्या हिशोबापेक्षा खालीच गेला, वर नाही.

एनईसीत सीपी नावाचं कार्ड आहे, ते दोन सेगमेंटमधलं जास्तीत जास्त कपलिंग देतं, म्हणजे दोन्ही टोकांना परफेक्ट मॅचिंग आहे असं धरून. आपल्याकडे ५० ओहमची केबल आहे त्यामुळे खरा आकडा थोडा बरा असतो. सीपीचा आकडा वाईटातला वाईट म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवतोय, ५० ओहम लोड टाकून काढलेला वेगळ्या. दोन्ही एकाच टेबलात मिसळू नका.

३ जुलै

या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं आज मिळालं, म्हणून सविस्तर लिहितो.

यार्डच्या ड्रॉइंगमध्ये नवीन मास्ट सरळ पाइप, दोन्ही अँटेना पाइपला ३० सेंटीमीटरच्या ब्रॅकेटवर बाजूला, एक वर एक खाली, मधे बरोबर २ मीटर. सर्क्युलरप्रमाणे अगदी पास. मोकळ्या हवेत ३६ डीबी. पाइप मॉडेलमध्ये टाकला आणि २७ वर आलं. ९ डीबी कुठे गेले?

करंट प्रिंट करून सेगमेंट सेगमेंट बघितलं. खालच्या अँटेनाला पॉवर दिली की शेजारच्या पाइपवर करंट उठतो, आणि तो पाइपवरून फार न कमी होता वर चालत जातो आणि वरच्या अँटेनाच्या बगलेत पोचतो. चाळीत खालच्या मजल्यावर नळाच्या पाइपवर ठोकलं की वरच्या मजल्यावर ऐकू येतं, तसंच. हवेतून जो रस्ता डायपोलच्या शून्य दिशेमुळे बंद होता तो पाइपने उघडून दिला. वर्गाने पडणाऱ्या फील्डचा जो फायदा आपण मोजत होतो तो पाइपवरच्या करंटला लागूच नाही.

मग ब्रॅकेट लांब करून बघितले. पाव वेव्हलेंग्थ म्हणजे ४७ सेंटीमीटर, मग ६०. सुधारतं पण हळूहळू, आणि पाइपच्या लांबीप्रमाणे आकडा वरखाली होत राहतो कारण पाइप स्वतःच एक अँटेना आहे आणि त्याचे स्वतःचे रेझोनन्स आहेत. मास्ट ३० सेंटीमीटरने छोटा केला तर ३ डीबीचा फरक, अँटेना जागेवरून न हलवता! वेल्डिंग करणाऱ्याने टेपने मापून मास्ट जरा कमीजास्त कापला तर आमचा सगळा आकडा बदलणार, अशा डिझाइनवर मी सही करणार नाही.

उपाय डोक्यात येतोय : वरच्या अँटेनाच्या शेजारी पाइप असूच नये. पाइप तिच्या बुडाशी संपला पाहिजे.

१५ जुलै

नवीन मांडणी. एआयएस मास्टच्या टोकावर, पाइप तिच्या खालीच संपतो, शेजारी काहीच धातू नाही. व्हीएचएफ खाली आडव्या दांड्याच्या टोकावर, पाइपपासून ६० सेंटीमीटर बाहेर. त्यामुळे आडवं अंतर शून्य राहत नाही, पण ३ मीटरमध्ये ६० सेंटीमीटर म्हणजे ११ अंश, डायपोल त्या दिशेला अजूनही खूप कमी देतो, १६ डीबी खाली. मला पाइपच्या बगलेत बसण्यापेक्षा हे परवडतं.

एक भोक उरलं होतं, एआयएसची केबल. तिच्या बाहेरच्या जाळीवरून करंट तसाच वर चढू शकतो. केबल पाइपच्या आतून घेतली की ती धातूच्या आड जाते, वर बाहेर पडते तिथे जाळीवरचा करंट रोखायला फेराइटचे क्लॅम्प. वेल्डर दादा म्हणाले आतून केबल नेली तर पाणी आत उतरेल, बरोबर आहे, म्हणून वर ग्लँड (केबलभोवती पाणी अडवणारं सील) आणि खाली पाणी निघायला भोक.

मॉडेलमध्ये ३४ डीबी. आणि मास्ट ३० सेंटीमीटर कमीजास्त केला तरी आकडा एक डीबीच्या आत हलतो. मला ३४ पेक्षा हे दुसरं वाक्य जास्त आवडलं. पूर्ण बोट घेऊन रात्रभर चालवलेला रन पण आला, व्हीलहाऊसवाल्यापेक्षा अर्धा डीबी फरक. डेक आणि समुद्र इतक्या खाली आहेत की या दोघींच्या भांडणात त्यांचा हात नाही.

२४ जुलै

दुसरी तक्रार, इरिडियम आणि जीपीएस. इरिडियमचा फोन १६१६ ते १६२६.५ मेगाहर्ट्झवर बोलतो, जीपीएस १५७५.४२ वर ऐकतो आणि जमिनीवर त्याचा सिग्नल उणे १२८.५ डीबीएम एवढाच येईल असं धरून डिझाइन करायचं असतं.

इथे मोमेंट्स पद्धत त्याच व्हीलहाऊसला चालत नाही. वेव्हलेंग्थ १८.५ सेंटीमीटर, तुकडा १.८५ चा, पत्र्याचे त्रिकोण केले की पावणेसात लाख अज्ञात, मॅट्रिक्स सात टेराबाइटच्या वर. एक रस्ता फास्ट मल्टिपोलचा, लांबच्या तुकड्यांचा परिणाम गटागटाने काढायचा. दुसरा, व्हीलहाऊस वेव्हलेंग्थच्या तीसपट असल्यावर लाटेला किरणच समजायचं आणि कडांवरून वळणारा भाग वेगळा मिळवायचा. केलर यांनी १९६२ मध्ये कडेवरच्या वळणाचे किरण मांडले, १९७४ मध्ये कुयूमजियान आणि पाठक यांनी सावलीच्या सीमेवर जिथे तो हिशोब फुटत होता तिथे तो नीट केला. जहाज आणि विमानांवरच्या अँटेनांचं उंच फ्रीक्वेन्सीचं बरंचसं गणित त्यावरच उभं आहे.

आमचा प्रश्न त्यातला सोपा आहे. यार्डातले फोरमन म्हणाले, "मधे एक पत्रा उभा मारू की, काम संपलं." पत्रा ६० सेंटीमीटर रुंद, दोन अँटेनांच्या रेषेच्या अर्धा मीटर वर जाणारा, दोघींच्या बरोबर मधे. ४ मीटरचा मोकळा लॉस ४८.७ डीबी. पत्र्याच्या वरच्या कडेवरून येणारा किरण अजून साडेसतरा डीबी खाली. वाटतं झालंच की. पण पत्र्याला बाजूच्या कडा पण आहेत आणि त्या रेषेपासून फक्त ३० सेंटीमीटरवर. प्रत्येक बाजूने १३.८ डीबी खालचा किरण, दोन्हीचा रस्ता सारखाच लांब म्हणून दोन्ही एका फेजमध्ये बेरीज होतात, म्हणजे फायदा उरला ७.८ डीबी. वरच्या कडेचा किरण त्यात मिळवला की फेजप्रमाणे ५ ते ११ मधलं काहीही. वाऱ्यात थरथरणारा, गंजणारा पत्रा लावून एवढंच मिळणार असेल तर नको.

जीपीएस मागे नेऊन ४ चे ८ मीटर केले तर ६ डीबी, पक्के, कुठल्याही फेजवर न अवलंबणारे. आणि इथे फिल्टर खरंच उपयोगी, कारण दोन फ्रीक्वेन्सींमध्ये ४० मेगाहर्ट्झची मोकळी जागा आहे आणि चांगल्या अ‍ॅक्टिव्ह जीपीएस अँटेनात पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच फिल्टर असतो. जुन्या अँटेनात तो नाही. ठरलं : अँटेना बदला, मागच्या रेलिंगजवळ न्या, पत्रा रद्द. फोरमनना कडांचं चित्र काढून दाखवलं, पटलं त्यांना.

रडारबद्दल फार लिहीत नाही. एआयएस आणि जीपीएस दोन्ही स्कॅनरपासून ३ मीटरच्या बाहेर आणि बीमच्या वर किंवा खाली राहतात हे ड्रॉइंगवर मापून घेतलं, बस.

२१ ऑगस्ट

मास्ट उभा झाला. व्हीएनएने मोजलं, ३२ डीबी. मॉडेलच्या २ डीबी खाली, दिव्यांच्या वायरी आणि हॅलियार्डचे (झेंडे चढवायच्या दोरीचे) शॅकल मॉडेलमध्ये नव्हते त्याचं असावं. जुन्या १४ वरून ३२, म्हणजे रिसीव्हरच्या तोंडावरचा १ वॅट आता १६ मिलिवॅट.

५ सप्टेंबर

बोट पाण्यात. कॅप्टन सोळावर बोलत असताना मी पडद्यासमोर उभा होतो. जवळची टार्गेटं राहिली, लांबची दोन-तीन कमकुवत अजूनही गेली आणि परत आली. कॅप्टनना स्पष्ट सांगितलं की यापुढचं धातूच्या मांडणीतून निघणार नाही, पण बंदरात आणि जवळच्याशी बोलताना सेट १ वॅटवर ठेवा, त्याने अजून १४ डीबी फुकट मिळतात. "एवढं सोपं होतं तर आधी कोणी सांगितलं नाही," म्हणाले, आणि सेटशेजारी मार्करने लिहून पण ठेवलं. सॅटफोनवर मालकांशी बराच वेळ बोलणं झालं, जीपीएसचा फिक्स हलला नाही.

उरलेलं एक काम. हे सगळं गणित रेषीय आहे, त्याला गंज दिसत नाही. गंजलेल्या सांध्यात दोन सिग्नल मिसळून तिसरीच फ्रीक्वेन्सी तयार होऊ शकते आणि ती एनईसी कधीच दाखवणार नाही. त्यामुळे वर्षभराने ग्लँड, ब्रॅकेटचे बोल्ट, रेलिंगचे सांधे, हॅलियार्डचे शॅकल उघडून बघायचे, साफ करून परत आवळायचे आणि त्याच केबलने, त्याच बॅरलने थ्रू कॅलिब्रेशन करून एस टू-वन परत घ्यायचा. ३२ च्या खाली ३ डीबीपेक्षा जास्त गेलं तर आधी केबलच्या ग्लँडमध्ये पाणी आहे का ते बघायचं, मग बाकी.